आतले दहा इलेक्ट्रॉन काय करतात?

गेल्या अंकात धातू चमकतात कशामुळे यावर थोडक्यात लिहिलं होतं. त्यात एक वाक्य होतं की सोडियमसारख्या साध्या धातूत प्रत्येक अणू आपला एक इलेक्ट्रॉन सोडून देतो, तो धातूभर मोकळा फिरतो आणि पडलेला प्रकाश परत फेकायचं काम तोच करतो. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच द्यायचं ठरवलं. पत्रं वाचून फार बरं वाटलं, कारण बहुतेकांनी नेमकं तेच विचारलं जे मी लिहायचं सोडून दिलं होतं, की बाकीच्या इलेक्ट्रॉनांचं काय?

सर, सोडियममध्ये 11 इलेक्ट्रॉन आहेत, तुम्ही हिशोब एकाचाच केलात. उरलेले 10 प्रकाश पडल्यावर नुसते बसून राहतात का? आमच्या पुस्तकातही एकच धरलाय आणि उत्तर जवळपास बरोबर येतं, मग ते 10 नसते तरी चाललं असतं का?
– बीएस्सी दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, कोल्हापूर

बसून राहत नाहीत, आणि नसते तर अजिबात चाललं नसतं. दोन्ही गोष्टी सांगतो, जरा सावकाश वाच.

आधी पुस्तकातलं. 1900 साली पॉल ड्रूड या जर्मन शास्त्रज्ञाने धातूतले इलेक्ट्रॉन म्हणजे डब्यात कोंडलेला वायू आहे असं धरून गणित मांडलं, तेव्हा इलेक्ट्रॉन सापडून जेमतेम तीन वर्षं झाली होती. त्या गणितात प्रकाशाच्या विद्युतक्षेत्राने मोकळे इलेक्ट्रॉन मागेपुढे हलतात, आणि एका ठराविक वारंवारितेच्या खाली ते इतके चोख हलतात की प्रकाशाला आत शिरूच देत नाहीत, सगळा परत फेकतात. त्या वारंवारितेच्या वर मात्र प्रकाश इतक्या घाईने दिशा बदलतो की इलेक्ट्रॉनना ते जमत नाही आणि धातू चक्क पारदर्शक होतो. हीच प्लाझ्मा वारंवारिता, आणि ती ठरते मोकळे इलेक्ट्रॉन किती दाटीने भरलेत त्यावर. सोडियमसाठी आकडा येतो साधारण 6 इलेक्ट्रॉन व्होल्ट (हे ऊर्जेचं माप, पुढे कधी नुसतं व्होल्ट म्हणेन), म्हणजे 205 नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश. आता हे कागदावरचं झालं, पण 1933 साली अमेरिकेत बाल्टिमोरला रॉबर्ट वूड यांनी खरंच अल्कली धातूंचे (सोडियम, पोटॅशियम वगैरेंचे) पातळ थर घेऊन त्यातून अतिनील प्रकाश पाठवून बघितला आणि तो आरपार गेला! डोळ्याला थर अपारदर्शक, पण अतिनीलला काचेसारखा. सोडियमसाठी ही हद्द त्यांना 210 नॅनोमीटरला मिळाली. एक इलेक्ट्रॉन धरून 205 आणि प्रत्यक्षात 210, म्हणून तुझं पुस्तक म्हणतं की उत्तर बरोबर आलं.

आता ते 10. त्यांना कोअर इलेक्ट्रॉन म्हणतात, मी गाभ्यातले किंवा आतले म्हणेन. त्यातले सगळ्यात बाहेरचे, म्हणजे 2p नावाच्या कप्प्यातले सहा, सोडवून घ्यायला सुमारे 31 इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. डोळ्याला दिसणारा प्रकाश 1.6 ते 3.1 च्या मधला, म्हणजे त्याच्या दहापट कमी ताकदीचा. तेव्हा दिसणारा प्रकाश त्यांना जागेवरून उठवू शकत नाही हे खरं. पण उठवता येत नाही म्हणजे हलवताही येत नाही असं नाही ना. ते जागच्या जागी थोडे झुकतात. प्रकाशाचं क्षेत्र डावीकडे ओढतंय तर डावीकडे, उजवीकडे ओढतंय तर उजवीकडे, अगदी किंचित, पण झुकतात.

आणि खरी गंमत अशी की ते मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या उलट झुकतात. हे समजायला एक करून बघ, लिहिण्यापेक्षा ते सोपं आहे. किल्ल्यांचा जुडगा हातभर दोरीला बांध आणि दोरीचं वरचं टोक हातात धर. हात अगदी सावकाश डावीउजवीकडे ने, जुडगा हाताबरोबर जातो. आता हात भराभर हलव, जुडग्याच्या स्वतःच्या झोक्यापेक्षा जलद, की जुडगा उलटा जायला लागतो, हात डावीकडे तर तो उजवीकडे. कुठल्याही झोक्याचं हेच आहे, त्याच्या स्वतःच्या तालापेक्षा हळू हलवलंत तर तो तुमचं ऐकतो आणि जलद हलवलंत तर विरुद्ध जातो. मोकळ्या इलेक्ट्रॉनला कुणी बांधलेलंच नाही, त्याचा स्वतःचा ताल शून्य, म्हणून प्रकाश कुठलाही असो तो त्याच्यासाठी जलदच आणि इलेक्ट्रॉन कायम उलटा. गाभ्यातला इलेक्ट्रॉन घट्ट बांधलेला, त्याचा ताल प्रचंड जलद, म्हणून प्रकाश त्याच्यासाठी सावकाश आणि तो प्रकाशाबरोबर जाणारा. म्हणजे एकाच धातूत एकाच वेळी दोघंजण एकमेकांविरुद्ध ओढत असतात.

गणितात ते असं दिसतं. पदार्थ प्रकाशाच्या क्षेत्राला किती प्रतिसाद देतो याचा एक आकडा असतो, त्यात मोकळ्या जागेचा वाटा 1, त्यातून मोकळ्या इलेक्ट्रॉनचा वाटा वजा होतो आणि बेरीज शून्यावर आली की तिथून पुढे धातू पारदर्शक. गाभ्याचं झुकणं त्या 1 मध्ये भर घालतं. सोडियमच्या बाबतीत ही भर 0.06 च्या आसपास आहे, म्हणजे 1 च्या जागी 1.06, आणि वारंवारितेत त्याचं वर्गमूळ येतं म्हणून फरक उरतो जेमतेम 3 टक्के. म्हणजे तुझ्या पुस्तकात त्या 10 जणांना सोडून दिलं तरी फारसं बिघडत नाही ते ते गप्प बसतात म्हणून नव्हे, तर सोडियमचा गाभा लहान आणि कडक आहे म्हणून. पोटॅशियमला हीच भर 0.15 च्या आसपास जाते, रुबिडियमला 0.2, सीझियमला 0.3 च्या जवळ. अणू मोठा होत जातो तसा बाहेरचा थर ढिला होत जातो आणि जास्त झुकतो.

आता "नसते तरी चाललं असतं का" याचं उत्तर, हे मला जास्त जिव्हाळ्याचं आहे. तुला कधी वाटलं का की मोकळा इलेक्ट्रॉन एवढ्या धन आयनांच्या जंगलातून फिरतोय, प्रत्येक आयनाजवळ त्याला केवढी ओढ बसायला हवी, मग तो "मोकळा" कसा? त्याचं कारण आतले इलेक्ट्रॉनच. एक म्हणजे ते अणुकेंद्राचा बराचसा धन भार झाकून टाकतात. दुसरं म्हणजे पाउलीचा नियम, एका अवस्थेत दोघांना बसता येत नाही, आणि गाभ्यातल्या सगळ्या जागा भरलेल्या असल्यामुळे बाहेरचा इलेक्ट्रॉन तिथे गेला तर त्याला नाइलाजाने फार वेगाने फिरावं लागतं, म्हणजे त्याची गतिज ऊर्जा वाढते. ही वाढ जवळजवळ तेवढीच असते जेवढी त्याला केंद्राकडून ओढ मिळते! दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरते ती अगदी कमजोर ओढ. 1959 साली जेम्स फिलिप्स आणि लिओनार्ड क्लाइनमन यांनी हे नीट मांडून दाखवलं. म्हणजे सोडियम साधा धातू आहे तो आतल्या 10 जणांमुळे. ते नसते तर तुझ्या पुस्तकातलं एका इलेक्ट्रॉनचं गणितच उभं राहिलं नसतं.

बारावीला लॅसाईनची चाचणी केली असशील, तेव्हाचं आठव. रॉकेलमधून सोडियमचा तुकडा चिमट्याने काढायचा, फिल्टर पेपरवर टिपायचा आणि सुरीने कापायचा, लोण्यासारखा कापला जातो आणि कापलेली बाजू क्षणभर आरशासारखी लखलखते, मग बघता बघता राखाडी पडते. त्या एका क्षणात जी चमक दिसते ना, तिच्यात अकराही जणांचा हात आहे.

व्हिडिओत सीझियमची काचेची बंद कुपी बघितली, आतला धातू चक्क सोनेरी होता. मी वर्गात नेहमी सांगते की अल्कली धातू चंदेरी असतात, आता मुलांना काय सांगू? आणि सोनं पिवळं असण्याचं जे कारण तेच याचंही का?
– ज्युनिअर कॉलेजच्या शिक्षिका, सातारा

बाई, मुलांना ती कुपी दाखवाच. लिथियम, सोडियम, पोटॅशियम, रुबिडियम चंदेरी आणि सीझियम फिकट सोनेरी, हे अगदी खरं आहे. (सीझियम 28.5 अंशाला वितळतं, तेव्हा तुमच्याकडे एप्रिल-मेमध्ये कुपी टेबलावर ठेवली तर आत पाऱ्यासारखं डुचमळेल.)

कारण वरच्या उत्तरातच निम्मं येऊन गेलंय. आवर्तसारणीत या धातूंच्या रांगेत जसजसं खाली जावं तसतसा अणू मोठा, त्यामुळे मोकळे इलेक्ट्रॉन विरळ, त्यामुळे पारदर्शक व्हायची हद्द अतिनीलमधून दिसणाऱ्या प्रकाशाकडे सरकत येते. वूड यांना मिळालेले आकडे बघा, सोडियम 210 नॅनोमीटर, पोटॅशियम 315, रुबिडियम 360, सीझियम 440. आपला डोळा साधारण 400 ते 700 बघतो. म्हणजे पहिल्या तिघांची हद्द डोळ्याच्या पलीकडेच राहिली, त्यांच्यावर पडलेला सगळा दिसणारा प्रकाश परत येतो म्हणून ते चंदेरी. सीझियमची हद्द मात्र उंबरा ओलांडून आत आली. जांभळा आणि जवळचा निळा त्याच्याकडून नीट परत येत नाही, आणि पांढऱ्यातून निळं-जांभळं थोडं काढून टाकलं की उरतं ते पिवळसर.

पण आता मुद्द्याची गोष्ट. नुसते मोकळे इलेक्ट्रॉन धरून सीझियमचा आकडा काढला तर 350 ते 360 च्या आसपास येतो. म्हणजे त्या हिशोबाने सीझियमही चंदेरीच असायला हवं होतं! सोडियमच्या बाबतीत गणित आणि प्रयोग यांच्यात पाच नॅनोमीटरचा फरक होता, इथे ऐंशी-नव्वदचा आहे, आणि तो नेमका अशा जागी पडलाय की धातूचा रंगच बदलून गेला. आता यात गाभ्याची 0.3 ची भर घातली तर हद्द 400 च्या आसपास येऊन थांबते, निम्मी वाट गाभ्याने चालून दिली. उरलेली वाट मोकळ्या इलेक्ट्रॉनचीच आहे, ते पुरते मोकळे नाहीत, सीझियममध्ये त्यांना जवळच वर 5d च्या रिकाम्या जागा आहेत आणि प्रकाश पडल्यावर ते तिकडेही ओढले जातात. काही ठिकाणी सगळं श्रेय गाभ्याला दिलेलं वाचायला मिळतं, ते मला पटत नाही, आकडे तसं म्हणत नाहीत. पण गाभा वगळून सीझियमचा रंग समजावता येत नाही हे पक्कं.

सोन्याचं कारण वेगळं आहे. सोन्यात 5d चे भरलेले इलेक्ट्रॉन इतके वर आलेले आहेत की 2.4 इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपासचा प्रकाश, म्हणजे 520 नॅनोमीटरच्या जवळचा हिरवा-निळा, त्यांना खरोखर उचलून वरच्या रिकाम्या जागेत टाकतो. म्हणजे सोनं निळा प्रकाश खातं. (ते 5d इतके वर का आले यामागे सापेक्षतावाद आहे, जड केंद्राभोवती आतले इलेक्ट्रॉन फार वेगाने फिरतात वगैरे, ते पुढे कधीतरी.) सीझियममध्ये गाभ्यातल्या कुणाला उचललं जात नाही, त्याच्या 5p ला उठवायला 12 व्होल्ट तरी लागतात, ते नुसते झुकतात आणि हद्द सरकवतात. मुलांना असं सांगा की सोन्यात आतले इलेक्ट्रॉन उठून उभे राहतात आणि सीझियममध्ये बसल्या जागी कलतात, तरी दोन्हीकडे रंग पिवळाच.

आमचा हुपरीत चांदीचा पिढीजात धंदा. सोन्याचा रंग आतल्या इलेक्ट्रॉनमुळे असं तुम्ही लिहिता, मग चांदी एवढी शुभ्र, तिच्यात आतल्यांचा काहीच संबंध नाही म्हणायचा का?
– एक व्यावसायिक वाचक, हुपरी

संबंध आहे, आणि सोडियमपेक्षा कितीतरी जास्त आहे, पण तो डोळ्याला दिसत नाही एवढंच.

चांदीत प्रत्येक अणूचा एक मोकळा इलेक्ट्रॉन धरून हद्द काढली तर 9 इलेक्ट्रॉन व्होल्ट येते, म्हणजे 138 नॅनोमीटर, अगदी खोल अतिनील. प्रत्यक्षात ती 3.8 ला आहे! निम्म्याहून खाली. सोडियममध्ये 3 टक्क्यांचा फरक म्हणत होतो आपण, आणि इथे हे. कारण चांदीचे 4d मधले दहा इलेक्ट्रॉन फार ढिले आहेत, दिसणाऱ्या प्रकाशात जोरात झुकतात आणि 4 च्या आसपास तर उठायलाही लागतात. म्हणूनच चांदी, सोनं, तांबं यांना भौतिकशास्त्रात साधे धातू म्हणत नाहीत, त्यांच्यात आतला कोण आणि बाहेरचा कोण ही रेघ पुसट आहे.

पण 3.8 म्हणजे 326 नॅनोमीटर, डोळ्याच्या हद्दीच्या जरासं पलीकडे. थोडक्यात वाचली चांदी. 400 ते 700 मधलं सगळं ती जवळजवळ सारखं परत फेकते म्हणून तुमच्या दुकानात शुभ्र दिसते. आपले डोळे 320 नॅनोमीटरला बघू शकणारे असते तर पॉलिश केलेलं चांदीचं ताट त्या प्रकाशात काळपट दिसलं असतं, कारण तिथे ती दहा टक्केही प्रकाश परत देत नाही. अॅल्युमिनियम तिथेच नव्वदच्या आसपास देतं. म्हणून अतिनीलसाठी आरसा करायचा तर चांदी कितीही महाग असली तरी उपयोगाची नाही, अॅल्युमिनियमच लागतं.

1) हौशी खगोल मंडळात आम्ही दुर्बिणीचे आरसे घासतो, वर अॅल्युमिनियमचा थर देतात. त्याच्या परावर्तनाच्या आलेखात 800 ते 850 नॅनोमीटरला एक खड्डा दिसतो, तो आतल्या इलेक्ट्रॉनचा का? 2) सूर्याचे सोनेरी फोटो येतात ना, 17.1 नॅनोमीटरचे, त्या दुर्बिणीच्या तोंडाला म्हणे अॅल्युमिनियमचा पडदा असतो. धातूचा पडदा लावून फोटो कसा येतो?
– हौशी आकाशनिरीक्षक, पुणे

पहिल्याचं पटकन सांगतो, नाही. तो खड्डा दीड इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपासचा आहे आणि अॅल्युमिनियमच्या आतल्यांना उठवायला 73 लागतात, त्यांचा तिथे काही हात नाही. अॅल्युमिनियमचे तीन मोकळे इलेक्ट्रॉन स्फटिकाच्या जाळीमुळे किंचित अडतात आणि त्यांच्याच ऊर्जेच्या दोन पट्ट्यांमध्ये एवढं अंतर पडतं, ते प्रकाश खातात, म्हणून एरवी 91-92 टक्के असणारं परावर्तन तिथे 86-87 वर येतं.

दुसरा प्रश्न मात्र असा आहे की मला त्यावर चार पानं लिहावीशी वाटतात.

अॅल्युमिनियमचे मोकळे इलेक्ट्रॉन अणूला तीन, म्हणजे दाटी भरपूर. हिशोबाने हद्द 15.8 इलेक्ट्रॉन व्होल्ट, प्रत्यक्षात 15 च्या थोडी वर. गाभा इथे फार लहान आणि कडक आहे, तीन इलेक्ट्रॉन गेल्यामुळे केंद्राने उरलेल्यांना अगदी आवळून धरलंय, म्हणून त्याची भर सोडियमपेक्षाही कमी. 15 व्होल्ट म्हणजे 80 च्या थोडे वर नॅनोमीटर. त्याहून लहान तरंगलांबीला अॅल्युमिनियम पारदर्शक, बरोबर? पण कुठपर्यंत पारदर्शक? मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या गणितात याला शेवटच नाही, पुढे जाल तितकं जास्त पारदर्शक. खऱ्या अॅल्युमिनियममध्ये शेवट आहे आणि तो आतले इलेक्ट्रॉन आणतात. 72.7 इलेक्ट्रॉन व्होल्टला, म्हणजे 17.05 नॅनोमीटरला, 2p चे सहा इलेक्ट्रॉन उठायला लागतात आणि शोषण एका झटक्यात कित्येक पट वाढतं. आलेखात तिथे अक्षरशः भिंत उभी राहते, तिला एल-कड म्हणतात.

म्हणजे अॅल्युमिनियमला निसर्गाने एक खिडकी दिली आहे, एका बाजूची चौकट मोकळ्या इलेक्ट्रॉनची, 80 नॅनोमीटरला, आणि दुसऱ्या बाजूची गाभ्यातल्यांची, 17 ला. मधलं आत येतं, बाहेरचं नाही.

आता सूर्याकडे बघा. प्रभामंडलाचा 6-7 लाख केल्विनचा वायू, त्यात लोहाच्या अणूचे आठ इलेक्ट्रॉन निघून गेलेले असतात आणि तो 17.1 नॅनोमीटरला ठळक चमकतो. खिडकीची चौकट 17.05 ला आणि ही रेषा 17.1 ला! केसाएवढ्या फरकाने ती खिडकीच्या आत पडते. मी पहिल्यांदा हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले तेव्हा बराच वेळ बघतच बसलो होतो. 1995 साली गेलेल्या सोहो यानावरची अतिनील दुर्बीण असो की 2010 साली गेलेल्या एसडीओवरची, 17.1 च्या चित्रासाठी प्रकाश अॅल्युमिनियमच्या पातळ पडद्यातूनच आत येतो. सूर्याचा दिसणारा प्रकाश या लांबीच्या प्रकाशापेक्षा प्रचंड जास्त आहे, तो आत आला तर कॅमेरा आंधळा होईल, तो सगळा मोकळे इलेक्ट्रॉन दारातूनच परत पाठवतात आणि 17.1 ला वाट देतात. उलट 17.05 पेक्षा लहान तरंगलांबी बघायची तर हा पडदा चालत नाही, म्हणून एसडीओवर 13.1 आणि 9.4 नॅनोमीटरसाठी झिर्कोनियमचा वापरलाय.

पडदा केवढा पातळ? दीडशे नॅनोमीटरच्या आसपास. पोळ्या गुंडाळायला आपण जे फॉइल वापरतो त्याच्या साधारण शंभराव्या भागाएवढा. एवढा पातळ पडदा नुसता ताणून धरता येत नाही म्हणून त्याला मागून बारीक जाळीचा आधार देतात. आणि हो, त्या चित्रांचा सोनेरी रंग संगणकाने दिलेला असतो, 17.1 ला डोळ्याला काही दिसत नाही.

सर, एमएससीला आहे. अॅल्युमिनियम, मॅग्नेशियम, सोडियमच्या एल-कडेवर पायरीऐवजी टोकदार सुळका दिसतो, लिथियमच्या के-कडेला उलट गोलाई दिसते. हे काय आहे? शिवाय शोषणाची बेरीज करून इलेक्ट्रॉन मोजले तर अॅल्युमिनियमचे मोकळे इलेक्ट्रॉन 3 पेक्षा थोडे जास्त भरतात असं वाचलं. जास्तीचे आले कुठून?
– एक विद्यार्थी, नागपूर

दोन्ही प्रश्नांनी मनापासून खूश केलंस. (बाकीच्या वाचकांसाठी, के-कड म्हणजे तशीच भिंत, पण सगळ्यात आतल्या 1s च्या इलेक्ट्रॉनची.)

सुळका असा येतो. प्रकाशाने 2p मधला एक इलेक्ट्रॉन उठवला की मागे एक खळगा राहतो, धन भाराचा, आणि तो अचानक उगवतो. इतका वेळ शांत असलेल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या समुद्राला एकदम कळतं की इथे ओढ आली आणि सगळे तिकडे झेपावतात. याचे दोन परिणाम एकमेकांविरुद्ध जातात. खळग्याच्या ओढीमुळे उठलेला इलेक्ट्रॉन जवळच घुटमळतो, त्यामुळे कडेलगतचं शोषण वाढतं, हे जेरल्ड महान यांनी 1967 साली दाखवलं. त्याच साली फिलिप अँडरसन यांनी दुसरी बाजू दाखवली, की खळगा पडायच्या आधीचा अख्खा समुद्र आणि नंतरचा समुद्र यांच्यात साम्य इतकं कमी उरतं की त्यामुळे शोषण दबतं. 1969 साली नोझिएर आणि डी डोमिनिसिस यांनी दोन्हींचा मिळून निकाल लावला. एल-कडेला p मधून उठलेला इलेक्ट्रॉन s प्रकारच्या लाटेत जाऊ शकतो, ती थेट खळग्यापर्यंत पोचते, म्हणून ओढ जिंकते आणि सुळका येतो. के-कडेला s मधून उठलेला p मध्ये जातो, ती लाट खळग्यापासून लांब राहते, म्हणून दबणं जिंकतं. लिथियमच्या गोलाईत अणूंच्या थरथरीचाही मोठा हात आहे, सगळं या सिद्धांताच्या खात्यावर टाकू नकोस. पण मला यातलं आवडतं ते वेगळंच, वरच्या सगळ्या पत्रांत आपण गाभ्याने मोकळ्यांवर काय केलं ते बघत होतो, इथे गाभ्यातला एक जण उठला तर मोकळ्यांचा अख्खा समुद्र ढवळून निघतो.

आता बेरीज. नियम असा की सगळ्या वारंवारितांवरचं शोषण योग्य प्रकारे बेरजेला घेतलं की एकूण इलेक्ट्रॉनची संख्या मिळते, अॅल्युमिनियमसाठी 13. हा आकडा चुकत नाही. पण 72 व्होल्टच्या खालची बेरीज म्हणजे मोकळ्यांचे 3 आणि वरची म्हणजे आतल्यांचे 10 अशी चोख वाटणी होत नाही. एकेका इलेक्ट्रॉनचा हिशोब करताना त्याने वर मारलेल्या उड्या जमेच्या आणि खाली मारलेल्या वजा धरतात, आणि सगळं मिळून 1 येतं. मोकळ्या इलेक्ट्रॉनला खाली 2p मध्ये उडी मारायला नियमाने हरकत नाही, पण त्या जागा भरलेल्या आहेत, पाउली आड येतो. ती वजा रक्कम कधी वजाच होत नाही, म्हणून वरच्या उड्यांची बेरीज 1 च्या वर जाते. उलट आतल्यांनी मोकळ्यांच्या भरलेल्या जागेत मारायच्या उड्याही बंद, म्हणून त्यांच्या खात्यात तेवढीच तूट. मोकळ्यांच्या खात्यात जी जादा रक्कम दिसते ती आतल्यांच्या खात्यातून आलेली आहे, आणि ती यायला एकाही आतल्या इलेक्ट्रॉनला हलावं लागलेलं नाही, त्यांनी जागा अडवून धरली एवढंच पुरलं.

विभागात अॅल्युमिनियमच्या शोषणाचे तक्ते मिळाले तर ही बेरीज स्वतः करून बघ, एक दुपार पुरते. 15 व्होल्टपर्यंत ती भराभर चढते, मग 3 च्या जरा वर सपाट होते, 73 ला पुन्हा चढायला लागते आणि बराच वेळ चढत राहते. शेवटच्या दोघांसाठी 1560 व्होल्टची के-कड ओलांडून खूप पुढे जावं लागतं, तिथे घाई करून थांबलास तर 13 भरणार नाहीत.